दहा फुटांची पट्टी

ही गोष्ट खरी आहे.

विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. मी आकड्यांवर पोट भरणारी बाई आहे, एक शब्द वाढवून सांगायची मला सवय नाही. कमी करून सांगायची मात्र होती. त्याचीच ही गोष्ट.

माझं नाव कोरीन प्लेझान्स. लुइझियानाच्या दक्षिण किनाऱ्यावर हवामानाच्या एका कार्यालयात मी बावीस वर्षं काम केलं. कार्यालयाचं नाव सांगत नाही. वादळाचंही सांगत नाही, कारण आमच्या भागात अजून काही घरांत ते नाव उच्चारत नाहीत.

असल्या गोष्टी रात्री घडतात म्हणे.

ही घडली ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी, सकाळी नऊ ते दुपारी दीडच्या दरम्यान. दिव्यांच्या लख्ख उजेडात. खोलीत आम्ही सात जण होतो.

आधी पारेनबद्दल सांगते.

क्लेबर्ट डार्डार. माझ्या बाप्तिस्म्याच्या वेळी ज्यानं मला हातांवर घेतलं तो माणूस, माझा धर्मपिता. आमच्याकडे त्याला पारेन म्हणतात. मी सहा वर्षांची असताना माझा बाप बोटीवरून परत आला नाही. तेव्हापासून माझ्या शाळेच्या बुटांपासून ते कॉलेजच्या अर्जापर्यंत सगळं पारेननं बघितलं. स्वतः चौथी शिकलेला. कोळंबी पकडायचा, जाळी विणायचा आणि बायको एल्विनाच्या शिव्या खायचा.

तो पॉइंट क्लोटिलमध्ये राहायचा. दोन्ही बाजूंना पाणी आणि मधून एकच रस्ता, असं ते गाव. पुराचं पाणी अडवायला घातलेला मोठा बांध आहे ना, त्याच्या बाहेरचं. बांधाच्या आत लाकूर नावाचं शहर. वादळ आलं की बांधातलं लोखंडी दार बंद करतात. मग बाहेरचा बाहेर आणि आतला आत.

पारेनच्या धक्क्याच्या खांबावर एक पट्टी होती. पाणी किती चढलं ते मोजायची. पांढऱ्या रंगावर काळ्या रेघा, त्यानंच रंगवलेली. रंगवताना डबा मी धरला होता, नऊ वर्षांची असताना. वादळ आलं की दर अर्ध्या तासानं तो ती पट्टी वाचायचा आणि घरात बसवलेल्या बोटीच्या रेडिओवरून आमच्या कार्यालयात आकडा सांगायचा. तीस वर्षं. एकदाही चुकला नाही. आमची सरकारी यंत्रं बंद पडायची, पारेन बंद पडायचा नाही.

आता आमचं काम कसं चालतं ते थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

वादळ समुद्रात असताना आम्ही तीन गोष्टी सांगतो. कुठून जाईल, किती जोराचं असेल आणि किनाऱ्यावर पाणी किती चढेल. तिसरं माझ्याकडे होतं. नकाशावर आम्ही एक रुंद पट्टा काढतो. वादळ त्यात कुठेही जाऊ शकतं. पण पट्टा कोण बघतो? पट्ट्याच्या मधोमध एक रेघ असते. आमच्याकडे लोक फक्त ती रेघ बघतात. रेघ आपल्या गावावर नाही ना, मग झालं.

आणि वादळाची उजवी बाजू वाईट. उजवीकडचा वारा समुद्र उचलून गावात आणून टाकतो. डावीकडचा तेच पाणी बाहेर ढकलतो. शनिवारी रेघ पॉइंट क्लोटिलच्या बरीच पूर्वेला होती. म्हणजे गाव डावीकडे. मी लिहिलं होतं, चार फूट.

रविवारी पहाटे संगणकाची नवी गणितं आली.

तिन्ही गणितं एकदम पश्चिमेला वळली होती. वादळ गावाच्या दुसऱ्या अंगानं जाणार होतं, आणि वाटेत गरम पाण्यावर आणखी फुगणार होतं. मी माझं गणित मांडलं.

चौदा फूट.

मी कागद घेऊन ड्वेन लॅडनरकडे गेले. तो आमचा प्रमुख. वीस वर्षं मोठा, शांत माणूस, मला त्यानंच तयार केलं. त्यानं कागद वाचला आणि म्हणाला, "एक तृतीयांश सरकव."

हा आमच्या धंद्यातला रिवाज आहे. नवं गणित आलं म्हणून रेघ एकदम उचलून पलीकडे टाकायची नाही. सहा तासांनी गणित परत फिरलं तर? रेघ इकडून तिकडे नाचायला लागली की लोकांचा विश्वास उडतो. म्हणून थोडी थोडी सरकवायची. रिवाज वाईट नाही. दहापैकी आठ वेळा तो बरोबर ठरतो.

मी एक तृतीयांश सरकवली. पाण्यापुढे सहा फूट लिहिलं.

सात वाजता पारेनचा फोन आला.

"पोरी, रेघ बघितली. ते राहू दे. तू सांग. जाऊ का राहू?"

मी म्हटलं, "सहा फूट आहे, पारेन. घर तुझं नऊ फुटांच्या खांबांवर."

"कागद मी पण वाचतो. तू म्हणतेस का सहा?"

मी ड्वेनकडे पाहिलं. तो काचेपलीकडून माझ्याकडेच बघत होता. घरच्यांना वेगळा आकडा सांगायचा नाही, कार्यालयाला एकच तोंड असतं, हे त्यानं मला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं.

पण सगळा दोष त्याच्यावर ढकलणार नाही. आदल्या वर्षी मीच पारेनला आणि अख्ख्या गावाला पळवलं होतं. एकोणीस तास माणसं गाड्यांत अडकली. वादळ दुसरीकडे गेलं. त्यानंतर वर्षभर मला ऐकावं लागलं. खेकडे उकडायला सगळे जमले की कुणीतरी हमखास विचारायचं, "काय कोरीन, उद्या ऊन आहे ना? का पुन्हा गाडीत झोपायचं?" पारेनही हसायचा. मला ते लागलं होतं.

मी म्हटलं, "हो. सहा."

माझ्यावर आंधळा विश्वास टाकणाऱ्या माणसाचा मी केसानं गळा कापला, आणि फोन ठेवून कॉफी घेतली.

पाणी सहा फूट चढो की चौदा, त्या गावाचा रस्ता दोन फुटांतच बुडतो. दुपारी तीनला रस्त्यावर पाणी आलं आणि बांधाचं दार बंद झालं. चारच्या सूचनेत आम्ही खरा आकडा लिहिला. गणित परत फिरलंच नव्हतं.

एका तासाचा फरक.

मी रेडिओवर पारेनला चौदा सांगितलं. एल्विना सकाळीच बहिणीबरोबर लाकूरला गेली होती. तो आणि कुत्रा, दोघेच होते. रेडिओ खरखरत होता. मग त्यानं विचारलं, "सकाळी हे तुला माहीत होतं का?"

मी म्हटलं, "नाही, पारेन."

"मग ठीक आहे," तो म्हणाला.

शेजारच्या कालव्यात दोन भावांची मोठी कोळंबीची बोट बांधलेली होती. सकाळी साडेआठचा आकडा दिला की तो त्या बोटीवर जाणार होता. तिथे वाचायची शक्यता होती. रात्रभर मी तेवढ्याच आशेवर होते.

सोमवारी सकाळी आठला त्याचा आवाज आला. मागे वारा नुसता किंचाळत होता. कुत्रा भुंकत होता.

"सहा झाले, पोरी."

एवढंच.

साडेआठला...

काहीच आलं नाही.

तीस वर्षांत पहिल्यांदा.

रेडिओवर मिस यूला बसायची. निवृत्त शाळामास्तरीण, वादळात मदतीला यायची, सगळे आकडे सुंदर अक्षरात वहीत लिहायची. ती हाका मारत राहिली. मी तिच्या मागे उभी होते. मी देवाला काय काय कबूल केलं ते आता आठवत नाही.

बरोबर नऊ वाजता...

"साडेसात."

मी खुर्चीत बसले आणि रडले. जिवंत होता. मिस यूलानं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि सहज म्हणाली, "बरं झालं बाई, ड्वेननं सासूला शनिवारीच हलवलं. नाहीतर त्यालाही असाच आवाज ऐकत बसावं लागलं असतं."

मला आधी कळलंच नाही.

ड्वेनची सासू पॉइंट क्लोटिललाच राहायची. पारेनपासून चौथं घर.

शनिवारी संध्याकाळी. आमची रेघ पूर्वेला होती तेव्हा. कागदावर चार फूट होतं तेव्हा.

मी त्याच्या खोलीत गेले. त्यानं पडद्यावरून नजर काढली नाही. म्हणाला, "तिचं वय झालंय. मी तिला कार्यालयाचा अंदाज नाही सांगितला. जावई म्हणून सांगितलं."

मी म्हटलं, "तुमच्या मनात शनिवारीच शंका होती. आणि काल सकाळी मी फोनवर असताना तुम्ही काचेतून माझ्यावर नजर ठेवून होतात."

त्यानं पडद्यावरचा नकाशा बदलला. बावीस वर्षांत त्या माणसाचा मला इतका संताप कधी आला नव्हता. त्याच्या तोंडात मारावी असं वाटलं. पण साडेनऊ वाजत होते, म्हणून मी रेडिओकडे पळाले.

"साडेआठ."

सरकारी यंत्रही तेच दाखवत होतं. मिस यूलानं आकडा लिहिला आणि पेन तसंच धरून बसली.

"कोरीन," ती हळूच म्हणाली, "त्याच्या मागे वारा का नाही?"

मी कान दिला.

दहा वाजता... "नऊ."

वारा नव्हता. कुत्रा नव्हता. खरखर नव्हती. रेडिओवर बोलायला बटण दाबलं की 'खट्' असा आवाज येतो, तोही नव्हता. एखाद्या बंद खोलीत आपल्या शेजारी बसून कुणी बोलावं, तसा तो आवाज होता.

बाहेर ताशी एकशे चाळीस मैलांचा वारा होता.

मी माइक घेतला. "पारेन, तू बोटीवर आहेस का?"

उत्तर नाही.

"पारेन, कुठे आहेस?"

उत्तर नाही.

साडेदहाला... "दहा."

सरकारी यंत्र एव्हाना बंद पडलं होतं. किनाऱ्यावरून येणारा एकच आकडा उरला होता, आणि तो पारेनचा होता.

अकराला... "साडेअकरा."

मिस यूलानं लिहून घेतलं.

ती पट्टी दहा फुटांचीच होती. खांबच तेवढा होता. रंगाचा डबा मीच धरला होता. सगळ्यात वरची काळी रेघ दहाची, आणि तिच्यावर काहीच नव्हतं.

साडेअकराला दोन मिनिटं कमी असताना आमच्या इमारतीची वीज गेली. दिवे, पडदे, रेडिओ, सगळं बंद. जनरेटर सुरू व्हायला वेळ लागतो. खिडक्यांवर फळ्या ठोकलेल्या, म्हणून भर दिवसा खोलीत काळोख आणि बाहेर तो भयंकर वारा.

रेडिओवरचा हिरवा दिवा विझलेला होता. मी स्वतः बघितला.

आणि त्या बंद रेडिओतून...

"साडेबारा."

मिस यूलाच्या हातातलं पेन खाली पडलं. ते घरंगळत गेल्याचा आवाज मी ऐकला. मग जनरेटर सुरू झाला आणि दिवे आले.

लाकूरचा बांध चौदा फुटांचा. आमच्या ताज्या गणितात बांधापाशी अकरा फूट होतं, कारण आदल्या दिवशी चौदा सांगूनही वादळ थोडं मंदावलं म्हणून पहाटे ड्वेननं आकडा खाली आणला होता. बांधाच्या आत, शाळेच्या व्यायामशाळेत, तळमजल्यावर दोनशे बारा माणसं झोपायच्या गाद्या टाकून बसली होती. एल्विनाही त्यांच्यात होती.

मी फोन उचलला.

ड्वेन धावत आला. "एका म्हाताऱ्या कोळ्याच्या पट्टीवर तू हे करणार? अधिकृत आकडा अकरा आहे."

मी म्हटलं, "अधिकृत आकडा काल मी एकाला सांगितला."

मी शाळेला सांगितलं, सगळ्यांना वरच्या मजल्यावर न्या, आत्ता, गाद्या तिथेच राहू द्या. ड्वेननं मला अडवलं नाही. तो परत आपल्या खोलीत गेला आणि त्यानं दार लावून घेतलं.

बाराला... "साडेतेरा." साडेबाराला... "चौदा."

बारा चाळीसला पाणी बांधावरून आत आलं. व्यायामशाळेत छतापर्यंत गेलं. वर दोनशे बारा माणसं उभी होती. एकही दगावलं नाही.

एकला... "पंधरा."

मी माइक हातात घेऊन बसले होते. मला माफी मागायची होती. खोटं बोलले, मला माहीत होतं, असं म्हणायचं होतं. खोलीत सहा जण होते. मी माइकचं बटण दाबलं नाही.

दीडला... "सोळा."

त्यानंतर काही आलं नाही.

बुधवारी तो दोन मैलांवर, उसाच्या शेतात सापडला. आमच्याकडे जे मागे राहतात ते हातावर काळ्या शाईनं नाव आणि जन्मतारीख लिहून ठेवतात, ओळख पटायला. पारेननं लिहिलं होतं. अक्षर नेहमीसारखं वाकडं होतं. कुत्रा सापडलाच नाही.

मग त्या दोन भावांची जबानी झाली. सोमवारी सकाळी आठ वीसला एक मोकाट सुटलेला लोखंडी तराफा पारेनच्या घरावर आदळला. दोघांनी बोटीवरून डोळ्यांनी बघितलं. खांब मोडले, घर पडलं, रेडिओची अँटेना पडली, धक्का वाहून गेला. पट्टीसकट.

आठ वीसला.

गाळाची खूण नंतर चर्चच्या भिंतीवर मोजली. सोळा फूट.

सरकारी अहवाल आजही आहे. पान चौदावर क्लेबर्ट डार्डार सकाळी आठ वीसला मेला आहे. पान एकोणतीसवर तो दुपारी दीडला सोळा फूट सांगतो आहे. दोन्ही पानं वेगवेगळ्या माणसांनी लिहिली. कुणी एकत्र वाचली नाहीत, आणि मीही कुणाला सांगायला गेले नाही.

पान चौदावर आणखी एक ओळ आहे. "वेळेवर सूचना मिळूनही घर सोडण्यास नकार दिला." ती ड्वेननं लिहिली. खाली दोन सह्या आहेत. दुसरी माझी.

वर्तमानपत्रानंही तेच छापलं. हट्टी म्हातारा.

गेल्या महिन्यात मी एल्विनाकडे गेले. आता लाकूरलाच असते, मुलीकडे. तिनं मला कॉफी दिली. मी सगळं सांगितलं. रविवारची पहाट, चौदा, सहा, आणि संध्याकाळचं ते 'नाही'. तिनं मध्ये एकदाही अडवलं नाही.

मग म्हणाली, "गाडी भरलेली होती त्याची. कुत्राही बसला होता मागे. तुझ्या फोननंतर त्यानं सगळं उतरवलं. मी म्हटलं चल, तर म्हणाला, कोरीन म्हणते सहा. पोरीला आकडे कोण देणार."

मी रडायला लागले. तिनं मला जवळ घेतलं नाही. कप उचलून आत गेली आणि बाहेर आली नाही.

त्या खोलीतलं मिस यूलाकडून लाकूरभर झालं. तिथे लोक अजून सांगतात, क्लेबर्ट मेल्यावरही रेडिओवर बसून राहिला, त्यानं आम्हाला वाचवलं. दर वर्षी त्या दिवशी शाळेत मेणबत्त्या लावतात. मलाही बोलावतात. मी जाते, मागे उभी राहते.

मला तसं वाटत नाही.

मी तो आवाज ऐकलाय. त्यात मदत नव्हती, मायाही नव्हती. मरेपर्यंत ज्यानं मला पोरी म्हटलं, त्यानं त्या दहा आकड्यांत एकदाही म्हटलं नाही. त्याला लाकूरशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला फक्त मला ऐकवायचं होतं, मी लपवलेलं पाणी, फुटाफुटानं, सगळंच्या सगळं.